नाली संपते तिथून पुढची घरं

मावशींची चप्पल मी आधी पाहिली, पाय नंतर. दाराशी दोन चपला होत्या, पण जोडी नव्हती. डाव्या पायाची साधी, बायकांची. उजव्या पायाची पुरुषी, दोन नंबर मोठी, पट्टा कापून मध्ये सायकलच्या ट्यूबचा तुकडा तारेने टाचलेला. आम्ही हत्तीरोगाच्या गोळ्या वाटत फिरत होतो. उंची मोजायची पट्टी आशाताईंच्या हातात, गोळ्यांचा डबा माझ्या हातात. नागपूर जिल्ह्यात जानेवारी २०१९ पासून तीन औषधं एकत्र द्यायला सुरुवात झाली. आयव्हरमेक्टिनची मात्रा उंचीवर ठरते, डीईसीची वयावर, आणि सोबत अल्बेंडाझोल. गोळी समोर गिळायची, घरी ठेवून जायची नाही. दोन वर्षांखालची मुलं, गरोदर बाया आणि फार आजारी माणसं सोडून सगळ्यांनी.

मावशींनी गोळ्या निमूट गिळल्या आणि म्हणाल्या, "गोयी घेतो ना भाऊ, दरसाल घेतो. पण ताप काही गोयीनं जात नाही. पाऊस लागला का महिन्यातून दोनदा येते."

मी आरोग्य सेवक. गावात सगळे मला डॉक्टरच म्हणतात. आधी दुरुस्त करायचो, आता सोडून दिलं. पण मावशींच्या त्या बोलण्यावर माझ्याजवळ उत्तर नव्हतं आणि ते बोलणं डोक्यातून जाईना, कारण त्याच गल्लीत पुढच्या दोन दारांवरही मी तेच ऐकलं होतं. वरच्या मोहल्ल्यात अख्ख्या सकाळी एकदाही ऐकलं नव्हतं.

गाव आणि त्याचा उतार

गाव उमरेडकडच्या बाजूचं. नाव मुद्दाम लिहीत नाही. वर मारुतीचं देऊळ, शाळा, ग्रामपंचायत आणि शेतीवाल्यांची घरं, हा वरचा मोहल्ला. खाली नाल्याच्या अंगाला मजुरांची तीस-पस्तीस घरं, ही टोली. धानाची रोवणी, सोयाबीनची कापणी, कापसाची वेचणी आणि मिरचीचा तोडा, वर्षाची चार कामं इथले हात करतात. वर कोणी राहायचं आणि खाली कोणी, हे जुन्या लोकांनी उतार बघूनच ठरवलं होतं. विदर्भातल्या वाचकाला याहून जास्त सांगायला नको.

मी रुजू झालो तेव्हा टोलीचा रस्ता मुरमाचा होता. पावसाळ्यात चिखल व्हायचा, पण पाणी दोन्ही बाजूंनी वाट काढत नाल्यात जायचं. मग तीन गोष्टी आल्या आणि तिन्ही चांगल्याच होत्या, म्हणून तर कुणाच्या लक्षात आलं नाही.

पहिली, शौचालयं. २ ऑक्टोबर २०१४ ला स्वच्छ भारत मिशन सुरू झालं आणि पुढच्या काही वर्षांत वरच्या मोहल्ल्यात घरोघरी टाक्या झाल्या. टाकीनंतर शोषखड्डा हवा, पण अंगणात जागा जाते म्हणून बऱ्याच जणांनी टाकीचा पाईप सरळ नालीत सोडला. दुसरी, नळ. जलजीवन मिशनचं माप माणशी दिवसाला ५५ लिटर. पाच माणसांच्या घरात २७५ लिटर पाणी आलं की त्यातलं दोनशेच्या वर मोरीतून बाहेर पडतं. पूर्वी गुंडानं विहिरीवरून पाणी आणताना बाई भांडी घासायच्या पाण्याचाही हिशोब ठेवायची. तो त्रास गेला, फार बरं झालं. पण आलेलं पाणी जाणार कुठे, हा प्रश्न कुठल्याच कागदावर नव्हता.

तिसरा, सिमेंट रोड. जुना रस्ता न खोदता त्याच्यावरच घातला. रोड एक वीत वर आला आणि टोलीतल्या घरांचे ओटे तेवढेच खाली गेले. सोबत एका बाजूला नाली, देवळापासून निघून टोलीतल्या पहिल्या आठ-दहा घरांपर्यंत. तिथे निधी संपला, म्हणून नालीही संपली. पुढे नाला जेमतेम दोनशे पावलांवर होता. नालीचं तोंड उघडं राहिलं आणि त्याच्यापुढे बैलगाडी मावेल एवढा डबरा तयार झाला. काळं, साबणाच्या फेसाचं, बारा महिने न आटणारं पाणी. मावशींचं घर त्या डबऱ्यापासून तिसरं.

ताप कुठून येतो

इथे जरा थांबावं लागेल. हत्तीरोगाबद्दल गावात, आणि खरं सांगायचं तर आमच्याही काही लोकांत, एक घोळ आहे.

हत्तीरोगाचा जंत पसरवतो तो क्युलेक्स डास. डेंग्यूचा डास स्वच्छ साठवलेल्या पाण्यात अंडी घालतो, क्युलेक्सला घाण पाणी लागतं. नाली, सेप्टिक टाकी आणि असा डबरा ही त्याची आवडती ठिकाणं. मादी पाण्यावर शे-दोनशे अंड्यांचा छोटा तराफाच सोडते आणि उन्हाळी हवेत आठ-दहा दिवसांत त्यातून डास उडतात. पण एक-दोन डास चावून हत्तीरोग होत नाही. महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं चावे बसावे लागतात, तेव्हा जंत लसवाहिन्यांत, म्हणजे अंगात पाझरलेलं पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांत, घर करतो. मोठा जंत तिथे पाच-सहा-आठ वर्षं जगतो आणि पाय सुजतो तो त्याहून पुढे. म्हणजे हा आजार एखाद्या चाव्याचा नाही, पत्त्याचा आहे. माणूस कुठे झोपतो आणि तिथे रात्री किती डास असतात, यावर तो ठरतो.

आता घोळ. मावशींना येणारा ताप जंताचा नसतो. हुडहुडी भरते, जांघेत अवधाण येते, पाय तव्यासारखा तापतो आणि तीन-चार दिवस अंथरूण सुटत नाही. हे होतं जिवाणूंमुळे. लसवाहिन्या आधीच निकामी झालेल्या असतात, पायाला संरक्षण उरलेलं नसतं. अशा पायाच्या बोटांमध्ये चिखल्या झाल्या, कातडी फाटली, की जिवाणू आत शिरायला ती फट पुरते. प्रत्येक तापानंतर सूज थोडी वाढते आणि वाढलेली सूज परत जात नाही. गोळ्या जंताच्या पिल्लांना मारतात, गावातला प्रसार थांबवतात. त्या घ्यायलाच हव्यात. पण चिखल्यांना गोळी नाही. त्यांना साबण, पाणी आणि कोरडा पाय लागतो.

आणि मावशींच्या दारात पाय कोरडा राहूच शकत नव्हता. पावसाळ्यात रोडवरचं पाणी ओट्यावर यायचं, ओसरलं की नालीचं यायचं. नळाचा कॉक दाराबाहेर, डबऱ्याच्या बाजूला. पाणी भरायचं तर त्या चिखलातून, शौचालयाला जायचं तर त्याच चिखलातून. पाय धुवायचे कसे हे मी दोन वर्षांपूर्वी त्यांना शिकवलं होतं. बोटांच्या मध्ये फडक्याने पुसा, रात्री पाय उशीवर ठेवा वगैरे. त्या म्हणाल्या, "धुतो ना बापा. धुतो अन् मंग त्यातच पाय ठेवतो."

रजिस्टरच्या मागचा नकाशा

त्या रात्री मी रजिस्टरच्या मागच्या कोऱ्या पानावर गावाचा नकाशा काढला. पायाला सूज असलेलं घर गोलाने, गेल्या पावसाळ्यात असा ताप येऊन गेलेलं घर फुलीने. आशाताईंनी आठवून भर घातली, त्यांना घरोघरचं पाठ आहे. गोल गावभर विखुरलेले निघाले, वरच्या मोहल्ल्यातही दोन म्हाताऱ्या होत्या. फुल्या मात्र जवळजवळ सगळ्या एका जागी, नालीच्या तोंडाभोवती.

हे दिसल्यावर मला घाईने ओरडावंसं वाटलं की नालीने हत्तीपाय दिला. ते खोटं झालं असतं. मावशींचा पाय सुजायला लागला तेव्हा नाली नव्हतीच. आजार जुना आहे, नाल्याकाठच्या जुन्या डबक्यांचा असावा. नालीने जुन्या दुखण्यावर दर महिन्याचा ताप लावून दिला, एवढंच ठामपणे म्हणता येईल. आज त्या गल्लीत जी पोरं झोपतात त्यांच्या पायांचं काय होईल ते पंधरा-वीस वर्षांनी कळणार. गोळ्या नीट घेतल्या तर कदाचित काहीच होणार नाही. देशाने हत्तीरोग संपवायला २०२७ सालाचं लक्ष्य ठेवलं आहे.

दुसरी शंका माझ्या साहेबांनी काढली आणि ती रास्त होती. टोलीतले लोक रोवणीला गुडघाभर चिखलात उभे राहतात, चिखल्या शेतातून येत असतील, नालीचा काय दोष? म्हणून आम्ही वरच्या मोहल्ल्याच्या कडेला राहणारी मजुरांचीच चार-पाच घरं बघितली. काम तेच, चिखल तोच, त्यातल्या एका बाईचा पायही सुजलेला. पण घर उंचावर, अंगण कोरडं. तिला गेल्या पावसाळ्यात एकदाच ताप आला होता. आणखी एक घर बोलकं होतं. टोलीतल्या एका कुटुंबाला घरकुल मिळालं ते गावाबाहेर पांदणीच्या बाजूच्या उंच जागेवर. तिथली काकी म्हणाल्या, "तिकडं गेल्यापासून दोनच खेप आला. पहिले तं मोजतच नव्हतो." चार-पाच घरांवरून शास्त्र सिद्ध होत नाही हे मला माहीत आहे. पण ग्रामसभेत उभं राहायला एवढं पुरे होतं.

ताप हा हिशोबातला भाग झाला. टोलीतलं बाकीचं जगणं नकाशावर येत नाही. संध्याकाळी दारं लावून आत निंबाच्या पाल्याचा धूर करायचा. डास कमी होतात, दमेकऱ्याचा जीव जातो. उकाड्यात बाहेर खाट टाकून झोपणं हे विदर्भाच्या उन्हाळ्यातलं एकमेव सुख, ते या गल्लीत बंद झालं होतं. मावशींची सून सांगत होती की माहेरचे लोक पाहुणे म्हणून आले तर चहा पिऊन लगेच निघतात. रात्रीचं रक्त घ्यायला आम्ही आठ ते बारा फिरतो, कारण जंताची पिल्लं रात्रीच रक्तात दिसतात. त्या गल्लीत बोटाला सुई टोचून थेंब काचेवर घेईपर्यंत डासांनी आपला वाटा आधीच उचललेला असायचा. माझाही.

मिस्त्री आणि लेव्हल पाईप

मला वाटलं होतं, नाली दोनशे पावलं पुढे नेली की झालं. टोलीतच एक गवंडी मिस्त्री राहतात. त्यांना सहज विचारलं तर म्हणाले, "पुढं नेऊन काय करता? ढाळच नाही तिले." दुसऱ्या दिवशी ते पाण्याचा पारदर्शक लेव्हल पाईप घेऊन आले. एक टोक मी नालीच्या मधल्या वळणावर धरलं, दुसरं त्यांनी तोंडाशी. पाईपातलं पाणी हललं, थांबलं. मिस्त्रींनी पेन्सिलीने खूण केली आणि बोटं लावून दाखवलं. नालीचं तोंड मधल्या भागापेक्षा दोन बोटं वर होतं. गावाला एवढा उतार असताना बांधणाऱ्याने तळ उलटा आणला होता! म्हणून पाणी मध्येच साचायचं, गाळ बसायचा आणि मोठा पाऊस आला की एकदम सगळं टोलीत. आम्ही दोघं तिथे उभे असताना वरच्या मोहल्ल्यातल्या कुणाची तरी वॉशिंग मशीन रिकामी झाली असावी. निळसर फेस आला, वळणावर अडला, गोल फिरत राहिला.

ग्रामपंचायतीला मिळणाऱ्या पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला ६० टक्के भाग बंधित, म्हणजे ठरलेल्या कामांवरच खर्चायचा होता. निम्मा पिण्याच्या पाण्यासाठी, निम्मा स्वच्छतेसाठी, आणि सांडपाणी त्यात बसायचं. म्हणजे पैसा नाही हे उत्तर पूर्ण खरं नव्हतं. पण नाली फोडून नव्याने बांधायला तेवढा पुरणारा नव्हता हेही खरं. राहिला एकच मार्ग. पाणी नालीत येऊच द्यायचं नाही. वरच्या मोहल्ल्यात घरोघरी शोषखड्डे करायचे, तेही रोजगार हमीतून. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीने असे खड्डे करून नाल्या कोरड्या पाडल्या होत्या, ते उदाहरण सरपंचबाईंना ठाऊक होतं.

अडचण पैशाची निघालीच नाही. ताप टोलीत आणि खड्डा वरच्या मोहल्ल्यातल्या अंगणात, ही अडचण होती. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत एक काकाजी सरळ उठून म्हणाले, "आमच्याकडं तं काही त्रासच नाही. आमी कायले अंगण खोदाचं?" त्यात दुष्टपणा नव्हता. त्यांच्या दारातून पाणी खरंच दिसेनासं होत होतं, त्यांच्या दृष्टीने नाली उत्तम चालू होती. मी नकाशा दाखवला, लोकांनी पाहिला, काही झालं नाही. मग मिस्त्री बोलले. आरोग्याबद्दल नाही, ढाळाबद्दल. नाली मध्ये तुंबते, गाळ चढत चालला आहे, दोन पावसाळ्यांत पाणी उलटं वर सरकेल आणि पहिलं काकाजींच्याच मोरीत येईल, असं त्यांनी बोटं लावून सांगितलं. ठराव झाला. माझ्या फुल्यांपेक्षा त्यांची दोन बोटं भारी पडली, याचं मला थोडं वाईट वाटलं आणि थोडं हसूही आलं.

काळी माती

पहिल्या उन्हाळ्यात बारा खड्डे झाले. चार फूट लांब, चार रुंद, चार खोल. मध्ये भोकं पाडलेली सिमेंटची टाकी, भोवती दगड-गिट्टी. फोटो निघाले. आणि श्रावणात बारापैकी सात भरून वाहायला लागले.

कारण पायाखालीच होतं. आमची जमीन काळी. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, तेव्हा ओतलेलं पाणी गडप होतं. पाऊस पडला की तीच माती फुगते, भेगा मिटतात आणि खड्डा हौदासारखा पाणी धरून ठेवतो. कागदावरचं चार फुटांचं माप सगळ्या महाराष्ट्रासाठी एकच आहे, माती एक नाही. ज्या पाच खड्ड्यांनी पाणी घेतलं तिथे मुरूम वर होता. दुसऱ्या वर्षी मिस्त्रींनी आधी सब्बलीने खोदून बघायचं, मुरूम लागेपर्यंत जायचं, आणि जिथे लागत नाही तिथे दोन-तीन घरांचं पाणी पाईपने मुरूम असलेल्या अंगणात न्यायचं, असं ठरवलं. शेजाऱ्याचं सांडपाणी आपल्या अंगणात घ्यायला लोक तयार होईपर्यंत आशाताईंनी किती चहा प्यायला, ते त्याच जाणोत. खड्ड्याच्या आधी गाळ अडवायला छोटी जाळीची पेटी बसवली. ती दर आठवड्याला साफ करावी लागते आणि ते काम घरोघरी बायकांच्याच वाट्याला आलं.

शौचालयाच्या टाक्यांच्या गॅस पाईपला डासांसाठी जाळी बांधणं सगळ्यांत स्वस्त काम. नायलॉनच्या जाळीचा तुकडा आणि सुतळी, खर्च गावाच्या आरोग्य, पोषण व स्वच्छता समितीला वर्षाला मिळणाऱ्या १०,००० रुपयांतून. पहिल्या वाऱ्या-वादळात निम्म्या उडाल्या, पुन्हा तारेने बांधल्या. डबऱ्याचं तोंड सरपंचबाईंनी मशीन लावून नाल्यापर्यंत कच्चं उघडून दिलं. फवारणीबद्दल एवढंच सांगतो की धुराचं मशीन वरच्या मोहल्ल्यात डेंग्यूचा पेशंट निघाला तेव्हा आलं होतं. धुराने उडते डास मरतात, पाण्यातल्या अळीला काही होत नाही.

दुसऱ्या पावसाळ्यानंतर

नाली कोरडी झाली नाही, बारीक झाली. डबरा उन्हाळ्यात पूर्ण आटला, भाद्रपदात पुन्हा साचला, पण मावशींच्या ओट्यापर्यंत आला नाही. नळाचा कॉक मिस्त्रींनी ओट्यावर घेऊन दिला, दोन फूट पाईपचं काम. माझ्या मते सगळ्यात जास्त फरक कदाचित याच दोन फुटांनी पडला. मावशींना त्या पावसाळ्यात दोनदा ताप आला. आधी महिन्यातून दोनदा यायचा. मिरचीच्या तोड्याचे सगळे दिवस त्यांनी भरले. पाय आहे तेवढाच आहे, तो आता कमी होणार नाही हे मी त्यांना सांगितलं आणि त्यांना ते माहीत होतं. डावीकडच्या बोटांत जोडवी आहेत, उजवीकडची पेटीत ठेवली आहेत.

वरच्या मोहल्ल्यातली चार घरं अजून पाईप नालीतच सोडतात. त्यात काकाजींचं घर नाही. त्यांच्याकडे खड्डा आहे, वर त्यांनी केळी लावली आहे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतात.

गेल्या महिन्यात पंचायतीत नवं एस्टिमेट आलं. सिमेंट रोडला भेगा गेल्या आहेत, म्हणून त्याच्यावर सहा इंचांचा नवा थर. जुना खोदायची तरतूद नाही. सरपंचबाईंनी कागद माझ्याकडे सरकवला. मी मिस्त्रींना फोन करून लेव्हल पाईप उपकेंद्रात आणून ठेवायला सांगितला आहे.